गप्प पडलेल्याकडे आधी

ऊसतोडीचे दिवस होते. कराडच्या पुढे, दिवेलागणीला, दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरवर मागून एक मोटरसायकल आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. आमची गाडी पोचली तोवर दहा-बारा माणसं जमली होती आणि ती सगळी एकाच माणसाभोवती होती. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. कुणी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होतं, कुणी पाय सरळ करू बघत होतं. मोटरसायकल चालवणारा मात्र ट्रॉलीच्या चाकाशी उताणा पडला होता, तोंड उघडं राहणारं हेल्मेट डोक्यावर तसंच. त्याच्याकडून घोरल्यासारखा आवाज येत होता. "प्यालेला दिसतोय, झोपलाय," असं शेजारचा कुणी म्हणाला, आणि क्षणभर मलाही ते पटलं.

तेवढ्यात दुधाच्या टेम्पोतून उतरून एक चालक धावत आला. ओरडणाऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि सरळ चाकाशी पडलेल्याकडे गेला. डोक्याशी गुडघे टेकले, दोन्ही हातांची बोटं कानांखाली जबड्याच्या कोपऱ्यामागे घातली आणि जबडा हलकेच पुढे उचलला. घोरणं थांबलं. छाती वर-खाली होऊ लागली. "दादा, जरा इकडं या," तो मला म्हणाला, "डोकं हलू देऊ नका, मी धरलंय तसंच धरायचं." रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने तो जबडा धरून बसलो होतो. तो पोरगा झोपला नव्हता. जीभ घशात मागे पडून त्याचा श्वास कोंडत होता.

त्यानंतर मी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं. आज गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला जे सांगायचं आहे त्याचं मूळ त्या संध्याकाळीच आहे. अपघाताच्या जागी आपल्याकडे माणुसकी कमी पडत नाही, क्रम चुकतो. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे त्याचं ओरडणंच सांगतं. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जायचं. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं दगावली. जखमींना पहिल्या तासात रुग्णालयात पोचवता आलं तर निदान निम्मे मृत्यू टळू शकतात, असं विधी आयोगाने 2006 साली आपल्या 201व्या अहवालात नोंदवलं आहे. त्या तासातली पहिली पाच-दहा मिनिटं डॉक्टरच्या हातात नसतात. मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाच्या, म्हणजे तुमच्या हातात असतात.

पण जखमीकडे धावण्याआधी एक काम आहे, आणि मदतीच्या घाईत नेमकं तेच राहतं. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे येते. तिच्या चालकाला रस्त्यात माणसं दिसेपर्यंत, पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत बरंच अंतर कापलेलं असतं. म्हणून आपली गाडी डांबरावरून खाली, कडेला घ्या, रुग्णवाहिकेला जागा राहील अशी. चारही इंडिकेटर चालू करा, हँडब्रेक ओढा. उजवं दार उघडण्याआधी मागे बघा, जमलं तर डावीकडूनच उतरा. सगळ्या प्रवाशांना रस्त्यावर उभं करू नका, कठड्याच्या पलीकडे पाठवा.

गाडीतला लाल त्रिकोण साध्या रस्त्यावर निदान 50 मीटर मागे ठेवा, द्रुतगती रस्त्यावर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. घाटात मीटर मोजत बसू नका. त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, वळण संपल्यावर दिसलेल्या त्रिकोणाचा काही उपयोग नसतो. त्रिकोण नसेल तर आपल्याकडे झाडाची फांदी आणि दगड ठेवायची रीत आहे. फांदी चालेल. दगड शक्यतो नको. रात्री दुचाकीवाल्याला तो दिसत नाही, आणि अपघाताच्या गाड्या हलल्यावरही तो तिथेच राहतो. त्यापेक्षा एका धडधाकट माणसाला मोबाइलचा टॉर्च घेऊन कडेला, रस्त्याबाहेर उभं करा.

आदळलेल्या गाडीजवळ जाताना नाक आणि डोळे उघडे ठेवा. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येतोय का? विजेचा खांब पडलाय का, तार गाडीला चिकटलीय का? तार असेल तर गाडीला हात लावायचा नाही, आतल्यांना आतच बसा म्हणून ओरडून सांगायचं आणि वीज बंद करवायची. एरवी गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद करा आणि जवळ कुणालाही विडी-सिगारेट पेटवू देऊ नका. टँकर उलटला असेल तर वारा आपल्या पाठीकडून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला, लांब थांबा. त्याच्यावर नारिंगी पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा लांबूनच वाचून फोनवर सांगा. टँकरमधून सांडणारं गोळा करायला बादल्या घेऊन येणाऱ्यांना हात जोडून, पाया पडून, जमेल तसं मागे लोटा.

फोनसाठी दोन आकडे पाठ हवेत. 108 रुग्णवाहिकेसाठी, 112 पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ही चालतो. "अरे कुणीतरी फोन करा," असं गर्दीला म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. एकाकडे बोट दाखवा. "अहो काका, निळा शर्ट, तुम्ही 108 लावा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा." फोनवर सगळ्यात आधी जागा सांगायची. "ढाब्याच्या पुढे" याने रुग्णवाहिका पोचत नाही. कडेचा किलोमीटरचा दगड बघा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं. त्याच्यावरचा आकडा सांगा, आणि बाजू सांगा, म्हणजे पुण्याकडून साताऱ्याकडे की साताऱ्याकडून पुण्याकडे. मध्ये दुभाजक असला तर चुकीच्या बाजूने आलेली रुग्णवाहिका समोर दिसत असूनही कित्येक किलोमीटर वळसा घालून येते. मग जखमी किती, बेशुद्ध किती, कुणी अडकलंय का, आग आहे का. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

आता जखमी.

दोन गोष्टींनी माणूस मिनिटांत जातो. भळाभळा वाहणारं रक्त आणि कोंडलेला श्वास. बाकी सगळं, मोडलेली हाडंसुद्धा, थांबू शकतं. म्हणून सगळ्यांवरून एक नजर फिरवा. रक्ताची चिळकांडी उडतेय किंवा अंगाखाली थारोळं साचतंय असं कुणी दिसलं, तर पहिला हात तिथे.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाटली तर ते किती झपाट्याने जातं हे ज्याने पाहिलंय तो ते विसरत नाही. स्वच्छ टॉवेल, ओढणी, उपरणं, जे असेल ते जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर लावून दाबा. आपल्या हातात आधी हातमोजे, नसतील तर प्लास्टिकची पिशवी घाला. जोर म्हणजे खरोखरचा जोर, कोपर ताठ, अंगाचा भार वर. जखमी कळवळेल, तरी सोडायचं नाही. आणि "थांबलं का बघू" म्हणून दर मिनिटाला कापड उचलायचं नाही. धरत आलेली गुठळी त्याने निघते. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा आणि निदान दहा मिनिटं सलग दाबून धरा. जखमेत हळद, चहाची पूड, कॉफी, माती काहीही भरू नका. घरात बोट कापल्यावर आजीने लावलेली हळद वेगळी आणि रस्त्यावर फाटलेली मांडी वेगळी. जखमेत काच किंवा सळई घुसलेली असेल तर ती ओढायची नाही, कारण कदाचित तिनेच आतली फाटलेली नस दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या लावून ती हलणार नाही असं करा.

हात किंवा पाय चिरडला आहे, तुटला आहे आणि दाबूनही रक्त थांबत नाही, अशा वेळीच आवळपट्टी बांधायची. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, चार बोटांवर, सांध्यावर नाही. पट्टी दोन-तीन बोटं रुंद हवी. सुतळी, वायर, बुटाची नाडी चालणार नाही, ती मांस कापते. गाठीत पाना किंवा काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिरगळा आणि काठी बांधून टाका. मग किती वाजता बांधली ते पेनाने जखमीच्या कपाळावर लिहा. हो, कपाळावरच. कागद हरवतो. एकदा बांधलेली पट्टी मध्येच सैल करायची नाही, ते काम डॉक्टरचं. तुटलेलं बोट किंवा हात सापडला तर स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट मांसाला लागू द्यायचा नाही.

रक्तानंतर श्वास, आणि इथे मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण इथे औषध लागत नाही, हत्यार लागत नाही, नुसते दोन हात लागतात. समोरून धडक बसलेल्या मोटारीत चालक सीटवर तसाच बसलेला असतो आणि मान छातीवर गळलेली असते. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दुमडते, पाण्याची नळी दुमडल्यासारखी. लोक दार तोडायच्या मागे लागतात. आतला माणूस तोवर सीटवर बसल्या बसल्या गुदमरतो. मागच्या दाराने आत शिरा, त्याच्या सीटमागे बसा, दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवून डोकं सावकाश उचला आणि सरळ, समोर बघतंय अशा स्थितीत धरून ठेवा. मागे झुकवायचं नाही, फिरवायचं नाही. एवढ्याने श्वास मोकळा होऊ शकतो, आणि मानेलाही आधार मिळतो. हात भरून आले तरी दुसरा येईपर्यंत सोडायचं नाही.

जमिनीवर उताण्या पडलेल्या बेशुद्ध माणसाचा जबडा पुढे उचलायचा, त्या टेम्पोवाल्या दादाने उचलला तसा. ते जमत नसेल तर कपाळावर एक हात ठेवून हनुवटी वर करा. मानेला इजा असेल ही भीती रास्त आहे, पण श्वासाशिवाय मेंदू चार-सहा मिनिटांतच खराब व्हायला लागतो. दोन्हींत निवडायची वेळ आली तर श्वास आधी. तोंडात रक्त, उलटी, तुटलेले दात दिसले तर ते दिसतात तेवढे बाजूला काढा, न दिसणाऱ्याच्या मागे बोटं घशात घालू नका. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, आणि तोंडात रक्त किंवा उलटी येतेय, अशा माणसाला कुशीवर करायचं. तिघे-चौघे असाल तर एकाने डोकं धरायचं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय, आणि डोकं धरणाऱ्याने "एक, दोन, तीन" म्हटल्यावर ओंडका वळवावा तसं एकदम, पीळ न पडता. एकटे असाल तरी कुशीवर कराच, मान सांभाळून.

छाती हलत नाही, किंवा मासा पाण्याबाहेर तडफडावा तसा अधूनमधून एखादाच आचका येतोय, तो श्वास नव्हे. दहा सेकंदांत ठरवा आणि छाती दाबायला लागा. छातीच्या मधोमध, एकावर एक तळवा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, थकलात की माणूस बदलून. शिकलेले असाल तर दर 30 दाबांनंतर दोन वेळा तोंडाने श्वास द्या, नसाल तर नुसतं दाबत राहा. मोठ्या इजेने बंद पडलेलं हृदय रस्त्यावर परत चालू होणं फार कठीण असतं, हे मी लपवणार नाही. पण चालकाला आधी हृदयविकाराचा झटका येतो आणि मग गाडी झाडावर जाते, असेही अपघात असतात, आणि बाहेरून फरक कळत नाही. म्हणून दाबायचं. मात्र बरेच जखमी असतील आणि तुम्ही एकटेच असाल, तर ज्यांचा श्वास चालू आहे त्यांना आधी सांभाळा.

हेल्मेटवरून नेहमी वाद होतो. जखमी बोलतोय, श्वास नीट आहे, तर हेल्मेट राहू द्या, फक्त काच वर करा. बेशुद्ध आहे आणि बंद हेल्मेटमुळे तोंडापर्यंत पोचता येत नाही, उलटी आत साचतेय, तर काढायलाच हवं. त्याला दोघं लागतात. एकजण डोक्याच्या बाजूने हेल्मेट धरून डोकं स्थिर ठेवतो. दुसरा पट्टा सोडतो, मग एक हात जबड्याला आणि एक हात मानेमागून कवटीला लावून भार आपल्याकडे घेतो. त्यानंतर पहिल्याने हेल्मेटच्या बाजू फाकवून ते हळूहळू सरळ रेषेत ओढायचं, नाकाशी थोडं कलतं करून.

चार जणांनी हातपाय धरून उचलायचं आणि जीपच्या मागच्या सीटवर दुमडून टाकायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मणका मोडलेला असेल तर आतला मज्जारज्जू तुटायचा राहिला असेल तो तिथे तुटतो. आग, चढतं पाणी, दरडीचा धोका, किंवा आहे त्या जागी श्वास मोकळा करता येत नाही, एवढ्यासाठीच हलवा. तेव्हाही डोक्यामागून खांद्यांजवळचे कपडे मुठीत धरा, आपल्या दोन्ही हातांमध्ये त्याचं डोकं टेकवा आणि अंगाच्या रेषेत सरळ मागे ओढा. रुग्णवाहिका येऊच शकत नाही अशा जागी शिडी, फळी, दरवाजा, असं काहीतरी सपाट शोधा.

आता पाणी. जखमीला पाणी पाजू नका, चहा नको, साखर नको. तहानलेल्याला पाणी देणं आपल्या हाडीमांसी मुरलंय, नाही म्हणताना जीव तुटतो. पण बेशुद्धीकडे झुकलेल्याच्या घशातलं पाणी फुप्फुसात जातं, आणि शस्त्रक्रिया लागली तर भरलेलं पोट भूल देताना घात करतं. शिवाय ती तहानच रक्त जात असल्याची खूण असते. फिकट चेहरा, थंड घामेजलं अंग, धावती नाडी आणि "पाणी, पाणी" हे सगळं एकत्र दिसलं तर बाहेर जखम नसली तरी पोटात रक्तस्राव असू शकतो. ओठ ओल्या कापडाने पुसा. अंगावर चादर घाला, उन्हाळा असला तरी, रक्त गेलेलं अंग लवकर गार पडतं. कांदा हुंगवणं, गालावर चापट्या, तोंडावर पाणी मारणं यातलं काहीही करू नका. भाजलं असेल तर त्या भागावर मात्र स्वच्छ पाणी वीस मिनिटं ओतत राहा. टूथपेस्ट, शाई लावू नका.

"मला काही झालं नाही" म्हणत फिरणाऱ्यावर लक्ष ठेवा. डोक्याला मार लागून आधी नीट बोलणारा माणूस तासाभराने बेशुद्ध होऊ शकतो, पट्ट्याचा वळ पोटावर असेल तर आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. त्यालाही रुग्णवाहिकेत बसवा. आणि ज्याच्यापाशी बसलात त्याच्याशी बोलत राहा. नाव विचारा, घरचा नंबर विचारा. सोबतचा गेला असेल तर ते त्याला तिथे सांगायचं नाही. "डॉक्टर बघतायत" इतकं पुरे.

पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून काच वर करून निघून जाणारे कमी नाहीत. त्यांना दोष देण्यापेक्षा कायदा सांगतो. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं आणि 2020 मध्ये त्याचे नियम. सद्भावनेने मदत करताना काही चुकलं तरी मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दावा किंवा खटला होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, रुग्णालयाने पैसे मागून अडवून धरायचं नाही. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना 1989 सालीच सांगितलेलं आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला केंद्र सरकारचं बक्षीस आहे, 5,000 रुपयांचं 2025 मध्ये 25,000 झालं. त्याच वर्षापासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजनाही आहे. रुग्णालयात तिचं नाव काढा.

धडक तुमच्याच गाडीची असेल तर नियम वेगळा. कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. जमाव अंगावर आला तर कायदा तिथून निघण्याची मुभा देतो, पण लगेच, आणि फार तर 24 तासांत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं लागतं.

डिकीत एक पिशवी ठेवा: दोन जुने धुतलेले टॉवेल, चादर, रुंद क्रेप बँडेज दोन-तीन, हातमोजे, कापड कापता येईल अशी जाड कात्री, टॉर्च, पेन. गाडीबरोबर मिळालेली पेटी असेल तर एकदा उघडून बघा, आतल्या पट्ट्यांचा चिकटपणा गेलेला असतो. आणि ती पिशवी सामानाच्या तळाशी नको, वर ठेवा.

रुग्णवाहिका आली की तिथल्या डॉक्टरांना चार वाक्यांत सांगा: किती वाजता झालं, कोण किती वेळ बेशुद्ध होता, रक्त कुठून गेलं, पट्टी कधी बांधली. मग बाजूला व्हा. त्या संध्याकाळी आम्ही तसे बाजूला झालो, तेव्हा अंधार पडला होता. टेम्पोवाल्या दादाने हातावर पाणी घेतलं, शर्टाला पुसलं आणि निघण्याआधी मागे चालत गेला. कुणीतरी ट्रॉलीमागे मांडलेले तीन मोठे दगड त्याने एकेक करून उचलले आणि कडेच्या चरीत टाकले. मीही एक उचलला. तुम्हीही निघण्याआधी तेवढं करा.